क्राफ्ट बिअर महोत्सव : चवीची ओळख की पिण्याचे निमित्त?

धागालेखक :
मागच्या शनिवारी आमच्या भागातील क्राफ्ट बिअर (लहान उत्पादकांनी थोड्या प्रमाणात केलेली बिअर) महोत्सवाला जाऊन आलो. निघण्यापूर्वी एका स्नेह्यांनी "पिण्यासाठीच तिकीट काढायचे, त्याला महोत्सव कशाला म्हणायचे?" असे विचारले होते. ते म्हणणे मला पटले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

बिअर म्हणजे पिवळसर, थंड आणि फेसाळ असे एकच पेय, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. तेथे एका ब्रुअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, एकाच माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून) केलेल्या एल आणि लागर या दोन प्रकारच्या बिअर शेजारी शेजारी ठेवल्या. फरक यीस्टचा आणि तापमानाचा होता : एल साधारण २० अंश सेल्सिअसला आंबवलेली, तर लागर १० अंशांच्या आसपास आंबवून पुढे कित्येक आठवडे थंडीत मुरवलेली. पहिलीला फळांचा गंध होता, तर दुसरीत धान्याची स्वच्छ चव होती. गव्हाच्या बिअरला येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वास कोणी वरून घातलेला नसतो, तो यीस्टच निर्माण करते, हे मी वाचले होते. पण तो वास स्वतःच्या नाकाने ओळखता आला, तेव्हा कुठे ते खऱ्या अर्थाने कळले. ब्रिटनमध्ये १९७१ साली ग्राहकांनीच 'कॅम्रा' ही संघटना उभी केली, ती पिंपात मुरणारी पारंपरिक एल वाचवण्यासाठी, आणि बिअर महोत्सव हे तिच्या कामाचे एक प्रमुख साधन ठरले. ही परंपरा पिणाऱ्याला जाणकार करणारी आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ :
आपण चवीबद्दल मनापासून लिहिले आहे, पण प्रमाणाबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही. १०० मिलीलीटरचे बारा नमुने घेतले आणि त्यांत सरासरी ६ टक्के मद्यार्क धरला, तरी ७२ मिलीलीटर, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. अनेक देशांत १० ग्रॅमला एक प्रमाणित पेय मानतात. त्या हिशेबाने ही जवळजवळ सहा पेये झाली, आणि ती निचरायला शरीराला सहा-सात तास सहज लागतात. पेला लहान असल्यामुळे माणसाला आपण थोडेच घेतले असे वाटत राहते, हाच खरा धोका आहे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्ययुक्त पेयांना कर्करोगकारक ठरवले आहे. आमच्या घरातील एका जवळच्या माणसाचे व्यसन आम्ही बारा वर्षे सोसले आणि त्याची सुरुवातही चवीच्या कौतुकानेच झाली होती. म्हणून 'जाणकार' हा शब्द मला खटकतो.

प्रतिसाद २ :
मी एका लहान ब्रुअरीत काम करतो. वरील हिशेब बरोबर आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याचा दोष महोत्सवाच्या कल्पनेला न देता एका तिकिटात हवे तितके पिऊ देण्याच्या पद्धतीला द्यायला हवा. आमच्याकडे मोजके टोकन देऊन ६० मिलीलीटरचा पेला भरला, तेव्हा आठ नमुन्यांत ५ टक्क्यांची बिअर अर्ध्या लीटरपेक्षाही कमी झाली. लोक थांबून प्रश्न विचारू लागले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आम्हाला महोत्सव का हवा असतो, हेही सांगतो. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या फुलांचा, सुगंध फार लवकर उतरतो, आणि बाटलीवर प्रकाश पडला तर हॉप्समधील कडू घटकांपासून उग्र वासाची संयुगे तयार होतात. दुकानाच्या उजेडात महिनोन्महिने उभी राहिलेली बाटली आमच्या कामाची साक्ष देऊ शकत नाही. केग (बिअरचे धातूचे पिंप) थंड ठेवून, नळ धुऊन, आमच्याच हाताने ओतलेली बिअर ती साक्ष देऊ शकते.

प्रतिसाद ३ :
आरोग्याचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी चवीच्या कसोटीवरही मला महोत्सव पटत नाही. आयपीए या भरपूर हॉप्स घातलेल्या एलचे दोन कडवट नमुने घेतल्यानंतर नाजूक लागर घेतली तर ती पाण्यासारखी लागते. त्यात गर्दी, गोंगाट आणि विसळायला वेळ न मिळालेला पेला. ज्याला खरोखर शिकायचे आहे त्याने एखाद्या ब्रुअरीत जावे, तीन बिअर हलक्यापासून गडदाकडे अशा क्रमाने घ्याव्यात आणि त्या करणाऱ्याशी निवांत बोलावे. महोत्सवात जी विविधता मिळते, ती जिभेला पेलतच नाही.

धागालेखक :
प्रतिसाद ३ वाचून मी त्या दिवशीची टिपणे पुन्हा काढली. मी नऊ नमुने घेतले होते. पहिल्या सहांबद्दल गंध, कडवटपणा आणि घट्टपणा यांविषयी दोन-तीन ओळी आहेत. शेवटच्या तिन्हींपुढे केवळ 'चांगली' इतकेच लिहिलेले आहे. त्यांतील एक स्टाउट (काळसर, भाजलेल्या धान्याची बिअर) होती, पण तिची चव मला आता आठवत नाही. महोत्सवाला जावे, या मतावर मी ठाम आहे. मात्र माझ्यापुरती मर्यादा सहा नमुन्यांची, आणि हवे तितके पिऊ देणारे तिकीट मी घेणार नाही.

प्रतिसाद १ :
सहा ही मर्यादा आपण घरी बसून ठरवली आहे. तेथे चौथ्या पेल्यानंतर ती पाळण्याचा निर्णय घेणारे मन आताच्या इतके सावध नसेल, म्हणून आयोजकांनीच टोकन मोजून द्यावेत, ही माझी मागणी आहे.