मदत हवी आहे : बीजीएमआयची मराठी मार्गदर्शिका कशी लिहावी?

नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहतो आणि आमच्या भागातील महाविद्यालयीन मुलांसाठी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ (बीजीएमआय) या मोबाइलवरील लढाईच्या खेळाच्या डावपेचांची मार्गदर्शिका मराठीत लिहीत आहे. या खेळातील एरँगल हा नकाशा ८ किलोमीटर लांब व तितकाच रुंद असून त्यात १०० खेळाडू उतरतात. त्यामुळे ‘अमुक ठिकाणी उतरा’ एवढे सांगून भागत नाही, तर खेळाडूंना घेऊन येणारे विमान पोचिंकी या नकाशावरील गावावरून जाणार असेल तेव्हा तिथे गर्दी का होते आणि चार जणांच्या संघाने कोणता धोका पत्करावा, हे कारणासह सांगावे लागते, असे माझे ठाम मत आहे. पहिला मसुदा वाचून मुलांनी सूचना पाठ केल्या, पण सुरक्षित वर्तुळ (म्हणजे हळूहळू आकसत जाणारा, ज्याबाहेर राहिल्यास खेळाडूला इजा होते असा भाग) अनपेक्षित बाजूला सरकताच ती गोंधळली, याचे मला फार वाईट वाटले.

वर्तुळ आकसू लागल्यावर आधीच आत शिरावे की कडेकडेने सरकावे, हा निर्णय नवख्याला शब्दांत कसा समजवावा? अपडेटनंतर बंदुकांची ताकद अनेकदा बदलते, तेव्हा तो भाग वेगळा ठेवून त्यावर आवृत्तीचा क्रमांक लिहिणे पुरेसे ठरेल का? ज्या मार्गदर्शिकेमुळे आपला स्वतःचा खेळ सुधारला, तिच्यात नेमके काय होते, हेही अनुभवी खेळाडूंनी कृपया कळवावे.