मारहाणीचा प्रसंग लिहिताना भाषा कुठे खोटी पडते?

कोरापान: कथेत जमाव एकाला मारतो. अडीच पानं झाली तरी प्रसंग अंगावर येत नाही. मुख्य वाक्य असं: 'त्याच्यावर सपासप वार करण्यात आले आणि तो रक्ताच्या थारोळ्यात कोसळला.' विशेषणं वाढवली की आणखीच भडक होतं. नेमकं काय चुकतंय?

तिसरा_खर्डा: 'सपासप' आणि 'रक्ताचं थारोळं' बातम्यांनी इतकं झिजवलंय की वाचकाची नजर त्यावरून घसरते. पण मोठी गोची 'करण्यात आले' मध्ये आहे. वार केले कुणी? 'त्याने मारलं' म्हटलं की 'ने' लागून मारणारा समोर येतो. 'करण्यात आले', 'मारला गेला' म्हटलं की सुटतो. 'चकमकीत दोघे ठार' मध्ये तर क्रियापदसुद्धा उरत नाही. आधी एक कर्ता आणा, त्याच्या हातात एक वस्तू द्या. मग एकच इजा निवडा: 'कानामागे लागलं. त्याने हात लावून पाहिला आणि तो विजारीला पुसला.' बाकीच्या जखमा गाळा.

उभा_दंड: कर्ता नेहमीच हवा असं नाही. पंचनाम्यात किंवा हात झटकणाऱ्या साक्षीदाराच्या तोंडी 'मारण्यात आले' अगदी चपखल बसतं. निवेदकाच्या तोंडी ते आलं तर निवेदकही लपवाछपवीत सामील होतो. तसं हवं असेल तरच ठेवा.

आणि पहिल्या फटक्याच्या आधीचं अर्धं पान तपासा. हिंसा तिथे, सर्वनामात सुरू होते. जमाव नाव घेणं सोडतो, 'तो'चं 'ते' होतं: 'ते बघ पळतंय, धरा!' नपुंसकलिंगाची ही सोय मराठीत आयती आहे. शब्द असे हळूच कसे बदलतात याची नोंद जर्मन भाषाभ्यासक व्हिक्टर क्लेम्पेररने 1947 च्या पुस्तकात नाझींच्या भाषेबद्दल केली आहे. 'माथेफिरू' अशा अर्थाचा जर्मन शब्द त्या काळात चक्क कौतुकाचा झाला होता.

तिसरा_खर्डा: सर्वनामाचं पटलं. संयुक्त क्रियापदंही बघा. 'मारून टाकलं' मध्ये काम उरकल्याचा भाव येतो, 'झोडपून काढलं' मध्ये सांगणाऱ्याची मजा डोकावते. तुटक वाक्यांची रांगही नको. तीन-चारच्या पुढे ती ठेका धरते आणि मारहाण नाचासारखी वाटू लागते.

कोरापान: 'थोरल्याने पहार उचलली. ते अजून हलत होतं.' असं करून पाहिलं.

उभा_दंड: 'अजून' काढा. 'ते' पुरे आहे.