मंडईत उंदरांचं औषध ठेवायचं, पण सही कोणाची?

नारळवाला:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी नगरपरिषदेच्या मंडईत माझा नारळ-केळ्यांचा गाळा आहे. एकूण ४८ गाळे, शिवाय मागच्या ओट्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या मावश्या. पाऊस लागला की गटारातले उंदीर वर येतात. केळीचा घड आढ्याला टांगला तरी दोरीवरून उतरून खातात. आणि घुशी! फरशीखालची माती उकरून उकरून दोन गाळ्यांपुढची लादी पार बसली.

दहा दिवसांपूर्वी कुणीतरी (अजून कबूल होत नाही) टोमॅटोच्या फोडींना काळी पावडर लावून ओट्यांखाली टाकली. सकाळी सहाला आलो तर लसणासारखा वास. तीन उंदीर मेलेले, आणि सोबत आमची मांजर. तिला सगळे मॅनेजर म्हणायचे, कारण काम न करता सगळीकडे फिरायची. थोड्या वेळाने बघतो तर एका मावशीची चार वर्षांची नात ओट्याखालून फोड हातात घेऊन बाहेर आली. तोंडात घातली नव्हती. तो हात आठवला की अजून पोटात गोळा येतो.

आता ठेकेदार बोलावलाय. तो म्हणतो, "धान्यात ठेवतात ती गोळी बिळात टाकतो, एका रात्रीत साफ." कार्यालयात विचारलं तर उत्तर आलं, गाळ्याच्या आतलं गाळेधारकांनी बघावं. गाळेधारक म्हणतात मंडईच्या समितीने. समितीचा खजिनदार मी, बिलावर सही माझी. उद्या काही झालं तर कोण अडकणार? आणि ठेवायचं तरी काय?

काठी-बॅटरी:
मी मुंबईत महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात रात्रपाळीचा मूषक संहारक होतो. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी. एका रात्रीत निदान ३० उंदीर मारायचे आणि सकाळी मोजून द्यायचे. नातेवाईक हसायचे, पण ३० म्हणजे ३०, २९ चालत नव्हते. तुमच्या मंडईत नेमकं तेच नाही. किती फोडी टाकल्या, कुठे टाकल्या, किती उरल्या, कुणालाच माहीत नाही. पोरीच्या हातात आली ती शेवटची होती हे तुम्ही छातीठोक सांगू शकता का? नसाल, तर आज दुपारी मंडई बंद करून हातमोजे घालून सगळे ओटे झाडून काढा, मग पुढचं बोलू.

वासावरून काळी पावडर झिंक फॉस्फाइड दिसते. पोटातल्या आम्लात तिचा फॉस्फिन हा विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. कुणाच्या पोटात गेली अशी नुसती शंका आली तरी उलटी काढू नका, घरचं काही पाजू नका. पुडीचं वेष्टन घेऊन थेट सरकारी दवाखाना.

गोळीवाल्या ठेकेदाराला हात जोडा. ती अॅल्युमिनियम फॉस्फाइडची. ओल लागली की तिच्यातूनही तोच वायू निघतो. घुशीचं बीळ एका गाळ्यात सुरू होऊन तिसऱ्यात निघतं, आणि तिथे हमाल झोपलेला असतो. ही गोळी राहत्या जागेजवळ वापरायचीच नाही आणि येईल त्याला सरसकट विकायची परवानगीही नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली असं काम करणाऱ्याला परवाना लागतो. दुसरा ठेकेदार आणाल तेव्हा त्याच्याकडे परवान्याची प्रत मागा. बिलावर नुसतं "औषध फवारणी" नको, औषधाचं नाव आणि प्रमाण लिहून घ्या.

ठेवायचंच तर ब्रोमाडिओलोन या उंदरांच्या विषाच्या मेणवड्या, कुलपाच्या पेटीत. त्यावर जीवनसत्त्व के हा उतारा आहे, डॉक्टरच्या हातात वेळ असतो. उंदीर भिंतीला मिशा घासत चालतो, म्हणून पेटी भिंतीलगत स्क्रूने बसवा. पहिले चार-पाच दिवस पेट्या रिकाम्याच ठेवा. नवी वस्तू दिसली की उंदीर बिचकतो. पेटीवर नंबर, मंडईच्या नकाशावर तोच नंबर. दर दोन दिवसांनी उघडून किती कुरतडलं ते वहीत लिहायचं. उंदीर मरायला चार-पाच दिवस लागतात, तेव्हा दुसऱ्याच दिवशी "औषध नकली" म्हणून ओरडू नका.

किराणा_कट्टा:
एवढा उपद्व्याप? आम्ही दुकानात चिकट फळी लावतो. पन्नास-साठ रुपयांत काम. विषाची भानगडच नको.

गव्हाणी:
दादा, त्या फळीवर उंदीर रात्रभर जिवंत ओरडत असतो. आम्ही जखमी पक्षी सांभाळतो. फळीला चिकटलेल्या चिमण्या, पाली, एकदा तर धामणीचं पिल्लू आमच्याकडे आलंय. (सापडलंच काही तर ओढू नका, खाद्यतेल चोळत हळूहळू सोडवा.)

पण काठी-बॅटरी काका, मेणवड्यांचंही एक सांगते. विष खाल्लेला उंदीर मरायच्या आधी सुस्तावतो, उघड्यावर येतो, आणि घुबड नेमकं त्यालाच उचलतं. गव्हाणी घुबडाचं मुख्य खाणंच उंदीर. म्हणून पेट्या बारा महिने भरून ठेवू नका, आणि मेलेला उंदीर दिसला की लगेच उचला.

काठी-बॅटरी:
ताईंचं बरोबर आहे. उचलणाऱ्याला हातमोजे द्या, दुहेरी पिशवी द्या, खड्डा खोल घ्या. शेपटीला धरून कचराकुंडीत भिरकावणारे मी पुष्कळ पाहिलेत. आणि मावश्यांच्या पायांना भेगा असतात, गटाराचं पाणी साचलं की त्या अनवाणी त्यातच बसतात. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणारा रोग, तिथूनच शिरतो. ताप आला तर डॉक्टरला "मंडईत बसते" हे आधी सांगायचं, नाहीतर साधा पावसाळी ताप म्हणून गोळ्या मिळतात.

एक विचारायचं राहिलं. तुमचा ओला कचरा कधी उचलतात?

नारळवाला:
सकाळी ११ ला. म्हणजे कोबीचा पाला रात्रभर तिथेच.

काठी-बॅटरी:
मग तुम्ही उंदरांना रात्रीचं जेवण वाढताय आणि वर औषधाचा खर्च करताय. पेटीतल्या मेणापेक्षा कोबी गोड लागतो हो. ठेकेदाराच्या आधी घंटागाडीवाल्याशी बोला. गटाराला बारीक जाळी मारा, अर्ध्या इंचाच्या फटीतून उंदीर सहज जातो. बिळं काच आणि सिमेंटने बुजवा. यातलं जाळी आणि लादीचं काम मंडईच्या मालकाचं, म्हणजे नगरपरिषदेचं. तसा अर्ज द्या, पोच घ्या.

नारळवाला:
काल बैठक झाली. कचरा रात्री ९ ला बंद डब्यात, डब्याचा खर्च गाळ्यामागे वाटून. जाळीचा अर्ज दिला, पोच घेतली. गोळीवाला ठेकेदार रद्द. दुसरा आलाय, परवाना दाखवला, १४ पेट्या सांगतोय. ओट्यांखाली एकही नाही, हे मीच लिहून घेतलं. वही गाळा नंबर १ मध्ये टांगली आहे आणि चावी माझ्याकडे.

ओटे झाडले त्या दिवशी अजून सहा फोडी निघाल्या. एक माझ्याच गाळ्यामागे होती.

किराणा_कट्टा:
त्या पेट्या कुठे मिळतात? चार मलाही हव्यात.