लक्ष्मीनारायणाचा जोडा आणि बंद दार : तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती

‘दृष्ट लागण्यासारखा संसार’ असं आपण सहज म्हणून जातो. गेली काही वर्षं मी अशाच संसारांवरच्या थरारकथा झपाटल्यासारख्या वाचतेय. बाहेरून सगळं लखलखीत, आणि दार लागलं की आत दुसरंच काहीतरी. भुताच्या गोष्टी वाचून मला शांत झोप लागते, या वाचून लागत नाही.

सोलापुरात विजापूर रोडला राहत होतो तेव्हा शेजारचं जोडपं रोज संध्याकाळी संभाजी तलावावर फिरायला जायचं. वाटेत नवरा गजरा घेणार आणि तिथंच उभं राहून स्वतःच्या हातानं तिच्या केसांत माळणार. कॉलनीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना म्हणायच्या, “शिका जरा.” एकदा मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. त्या नुकत्याच फिरून आल्या होत्या. आत येताच त्यांनी गजरा ओढून काढला, खिडकीच्या गजाला अडकवला आणि मोरीच्या नळाखाली मान धरली. “मोगऱ्यानं डोकं चढतं माझं,” म्हणाल्या. मी म्हटलं, मग सांगा की त्यांना. “पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.”

पुढं त्यांची बदली झाली. पण एका कादंबरीत बायकोनं काय नेसायचं ते रोज सकाळी पलंगावर काढून ठेवणारा नवरा आला, तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. खून अजून शंभर पानं लांब होता.

हा प्रकार नवा नाही. पॅट्रिक हॅमिल्टनचं ‘गॅस लाइट’ हे नाटक १९३८ सालचं. नवरा वस्तू लपवतो आणि ‘तूच हरवलीस’ म्हणतो. वरच्या मजल्यावर तो चोरून गॅसचा दिवा लावतो, त्यामुळं खालचे दिवे मंदावतात, आणि तिला मात्र वाटायला लागतं की आपलंच डोकं ठिकाणावर नाही. त्यावरच्या १९४४ च्या चित्रपटात या बायकोची भूमिका करून इन्ग्रिड बर्गमननं ऑस्कर मिळवलं. ‘गॅसलाइटिंग’ हा आज सगळीकडे ऐकू येणारा शब्द तिथला. आपल्याकडं त्याला इतकी वर्षं ‘ती जरा विसरभोळीच आहे’ म्हणत आले.

तर तुम्ही सांगा. अशी कथा वाचताना कुणाचं घर आठवलं? ओळख पटेल असे तपशील मात्र कृपया टाळा.

पूर्वभागातली

आमचं घर पूर्व भागात, खाली माग आणि वर आम्ही. ज्यांनी यंत्रमागाशेजारी दिवस काढलेत त्यांना माहीत असेल, त्या खडखडाटात बोलायचं तर समोरच्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. माझ्या आईवडलांच्या जोडीचं गल्लीत नाव होतं. कुणाकडे लग्न ठरलं की पहिला सल्ला अम्मा-नान्नांना विचारायचा.

वीज गेली की सगळे माग एकदम थांबायचे. नान्नांचा आवाजही थांबायचा, पण एक-दोन शब्द उशिरा. खडखडाट संपलाय हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत तेवढे दोन शब्द स्वच्छ ऐकू यायचे. मग अम्मा जिन्यावरून खाली यायची आणि मेणबत्ती शोधायला लागायची. दुपारी दोन वाजतासुद्धा.

ते शब्द तेलुगूतले आहेत आणि मला पाठ आहेत. इथं लिहिणार नाही. इंग्रजी थरारकथांमध्ये घरातल्या शांततेला घाबरतात, मोठं घर, लांब रस्ता, कुणी नाही. मी उलटी आहे. मला आवाज थांबला की भीती वाटते.

धागाकर्ती

मेणबत्तीचं वाचून थांबले थोडा वेळ. लिहिलंत, बरं केलंत.

होटगीरोडकर

माझी बायको ही पुस्तकं वाचते. मला राग यायचा. शेजारी झोपलेल्या नवऱ्यानं बायकोला कसं संपवलं हे ती रात्री अकरा वाजता वाचणार, आणि सकाळी मला चहा देणार. एकदा विचारलंच, “माझ्यावर संशय आहे का तुझा?” तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, वाचा.

त्यातला नवरा मारत नाही. आवाजही चढवत नाही. बायकोचं एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात असतं, ‘तुला कशाला ती कटकट’ म्हणून. हे वाचलं तेव्हा माझं पाकीट समोरच्या टेबलावर होतं आणि त्यात तिचं कार्ड होतं. सात वर्षं होतं. ती शिक्षिका आहे, पगार तिच्या खात्यात येतो, आणि भाजीला पैसे ती माझ्याकडे मागते.

कार्ड लगेच दिलं. तिनं ते मसाल्याच्या डब्यामागं ठेवलं, काही बोलली नाही. पैसे काढल्याचा मेसेज मात्र माझ्याच मोबाइलवर येत राहिला. तो नंबर बदलायला बँकेत जायला मला आणखी तीन आठवडे लागले. फॉर्म एका पानाचा होता. त्या तीन आठवड्यांत तिनं एकदाही पैसे काढले नाहीत.

कोर्टात उमेदवारी

मी वकिलांकडे ज्युनिअर आहे, कौटुंबिक प्रकरणं रोज पाहते. या धाग्यावर थोडं वेगळं बोलते. गिलियन फ्लिनची २०१२ ची ‘गॉन गर्ल’ ज्यांनी वाचली नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

त्यात बायकोची डायरी निम्म्या पुस्तकापर्यंत आपण खरी मानतो आणि मग कळतं की ती तिनं रचून लिहिलेली आहे. कादंबरी म्हणून विलक्षण. पण माझ्यासमोर जी बाई वही घेऊन बसते, तारीखवार लिहिलेली, कोपरे मुडपलेली, तिच्या वहीकडं लोक आता ‘हे रचलेलं तर नसेल?’ अशा नजरेनं बघतात. एका नातेवाइकानं माझ्यादेखत तसं म्हटलं आणि वर सिनेमाचा दाखला दिला. लेखिकेचा दोष नाही, तिला खलनायिका रंगवायचा पूर्ण हक्क आहे. तरी त्या बाईचा चेहरा मला विसरता येत नाही.

आणि एक. वर गजरा आणि एटीएम कार्डाचं आलंय म्हणून सांगते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात मारहाणीबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही धरलेला आहे. बायका येतात आणि पहिलं वाक्य म्हणतात, “मारत नाहीत हो ते.” जणू मग सांगण्यासारखं काही उरतच नाही.

कुंभारवेस

मी अशी एक कथा सोलापुरात घडवून लिहायचा प्रयत्न दोन वर्षं करतेय. अडचण कथानकाची नाही, घराची आहे. परदेशी कादंबरीत जोडपं गावाबाहेरच्या बंगल्यात राहतं, कुणाला काही दिसत नाही. आमच्याकडं दार दिवसभर उघडं. सासूबाई बाहेरच्या खोलीत, दीर गच्चीवर, चार-पाच दिवसांनी पाणी येतं तेव्हा पहाटे अख्खी गल्ली घागरी-बादल्या घेऊन जागी. इथं लपवायचं कुठं?

शेवटी लक्षात आलं की इथं लपवायला एकांत लागतच नाही. सगळ्यांना माहीत असतं. सासूला माहीत असतं, समोरच्या काकींना माहीत असतं, भांडी घासायला येणाऱ्या मावशींना तर तारखेसकट. आणि तरी सगळे मिळून ‘लक्ष्मीनारायणाचा जोडा’ म्हणतात. दाफ्ने द्यू मोरिएची ‘रिबेका’ ही कादंबरी पुन्हा वाचली तेव्हा हेच दिसलं. तीही ‘गॅस लाइट’सारखी १९३८ चीच. त्यात नवराबायकोनं सौदा केलेला असतो, जगासमोर देखणा संसार दाखवायचा. आमच्याकडं असा सौदा अख्ख्या वाड्याचा असतो. त्यामुळं माझ्या कथेत खुनी कोण हा प्रश्नच मी काढून टाकलाय.

एक आठवण इथं सांगायचीच आहे. श्रद्धेच्या गोष्टीला धक्का लावायचा हेतू नाही, मी स्वतः दरवर्षी जाते. आपल्या गड्ड्याच्या यात्रेचं, म्हणजे सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचं, मूळ एका लग्नात आहे. कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावून दिला. संमती कट्ट्यापाशी आपण सगळे अक्षता टाकतो, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, योगदंडाचं प्रतीक असलेले उंच नंदीध्वज, डोळ्यांत पाणी येतं. मग होमाच्या संध्याकाळी बाजरीच्या पेंढीला नवरीसारखं सजवतात, ती कुंभारकन्येचं प्रतीक, आणि होम पेटतो. मी सहा-सात वर्षांची असताना आईला विचारलं होतं, “काल तर लग्न झालं ना हिचं?” आईनं माझे दोन्ही हात धरून जोडले आणि म्हणाली, “नमस्कार कर.” तिचे हात गार होते. जानेवारी होता, थंडीही असेल.

माझी नायिका त्या गर्दीत उभी आहे. तिथून पुढं मला अजून लिहिता आलेलं नाही.

पूर्वभागातली

कुंभारवेस, लिहाच. मावशींना तारखेसकट माहीत असतं हे अगदी खरं. आमच्या शेजारच्या बिड्या वळणाऱ्या आक्का संध्याकाळी अम्माला कुठंतरी काहीतरी द्यायला पाठवायच्या. कशाला ते मला फार उशिरा कळलं. द्यायचं काहीच नसायचं.

निवृत्त ग्रंथपाल

मी तीस वर्षं पेठेतल्या एका वाचनालयात काम केलं. अनुवादित रहस्यकथांना मागणी कायमच, पण बायका-नवऱ्यांच्या या काळ्या कथा आल्यापासून दुपारच्या वेळेला कपाटापाशी रांग दिसू लागली. दुपारी दोन ते चार. घरातले जेवून झोपलेले असतात तेव्हा.

परत आलेलं पुस्तक आम्ही चाळून बघतो, पानं फाटली का, खुणा केल्यात का. अशा एका पुस्तकात मला पेन्सिलीची खूण दिसली. नायिका मनाशी हिशोब करते, किती पैसे साठले, किती वाजता गाडी, दार किती वेळ उघडं असतं. त्या ओळीशेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हो’. दुसरं काही नाही. महिनाभरानं दुसऱ्या पुस्तकात तसंच, हिशोबाच्याच ओळीपाशी, ‘हो’. मग तिसऱ्या. खून, पोलिस, शेवटची कलाटणी, तिथं कुठंही पेन्सिल लागलेली नव्हती.

देवघेवीच्या वहीवरून मला वाचक शोधता आली असती. तिन्ही पुस्तकं नेलेली नावं पडताळायला दहा मिनिटं पुरली असती. एकदा वही उघडलीही. मग बंद केली. शोधून मी तिला काय विचारणार होतो? आणि नावाच्या पुढं पत्ता असतो, तो मला कळायला नको होता.

खुणा खोडायचा नियम आहे. मी खोडल्या नाहीत. चौथं पुस्तक कधी आलं नाही. ती गाडीनं गेली असेल असं मी स्वतःला सांगतो.

धागाकर्ती

सर, वाचनालय कुठलं ते विचारत नाही. पुस्तकं अजून तिथंच आहेत?

निवृत्त ग्रंथपाल

दोन आहेत. तिसरं बाहेर गेलंय, असं नव्या ग्रंथपाल बाईंनी गेल्या आठवड्यात सांगितलं.

दुपारची वाचक

ते माझ्याकडे आहे. पेन्सिल माझी नाही. मी पहिल्यांदाच इथं लिहितेय. पान उघडलं आणि तो ‘हो’ दिसला, तेव्हा बराच वेळ तिथंच बसले. मुदत संपून नऊ दिवस झालेत. दंड भरेन. अजून चार दिवस ठेवायचंय.