सेकंडहँड अबार्थ पुंटो घेतली, पहिला खर्च कशावर करू?

नवा_पुंटोवाला:
नमस्कार मंडळी, शेवटी घेतलीच! 2016 ची फियाटची अबार्थ पुंटो (पुंटोचीच स्पोर्टी आवृत्ती), पांढरी, लाल पट्टेवाली, मी दुसरा मालक. आमच्या रांजणगावलाच बनलेली गाडी, 1.4 टीजेट टर्बो पेट्रोल इंजिन, 145 बीएचपी, 5 गिअर. आत्तापर्यंत घरात ऑटोमॅटिक होती त्यामुळे क्लच ड्रायव्हिंग स्कूलनंतर डायरेक्ट आत्ताच पायाखाली आला. दोन हजार आरपीएमच्या खाली झोपलेली असते आणि मग असा काही गुद्दा बसतो पाठीत की हसू येतं. बजेट लाखभर. डोक्यात रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं), फ्री फ्लो एक्झॉस्ट (मोकळा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर), 17 इंची अलॉय चाकं आणि कोन फिल्टर (उघडा, शंकूसारखा एअर फिल्टर) आहे. बायको म्हणते आधी चालवायला शीक. क्रम सांगा, आणि आवाज थोडा तरी पाहिजेच हं, स्टॉकमध्ये फारच गप्प आहे.

टर्बोकाका:
अभिनंदन रे. वहिनींना नमस्कार सांग, त्या बरोबर आहेत.

टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणारा पट्टा) कधी बदलला त्याचं बिल आहे का? नसेल तर बदललेला नाही असं धरून चाल. टीजेटला बेल्ट आहे, चेन नाही, तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग तुझं लाखाचं बजेट इंजिनच्या हेडच्या कामातच संपतं. किलोमीटर कमी आहेत म्हणून खूश होऊ नकोस, रबर वयानेही जातं. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकदमच करून टाक कारण उघडायची मजुरी तीच. फियाटने इथली विक्री बंद केली त्याला बरीच वर्षं झाली, त्यामुळे सामान शोधावं लागतं, पण फियाटच्याच लिनिया टीजेट गाडीच्या बऱ्याच गोष्टी याला बसतात, पार्ट नंबर जुळवून मागव.

मग टायर. साइडवॉलवर चार आकडे असतात, 2219 असेल तर 2019 चा 22 वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी म्हातारा टायर पावसात पकडत नाही. कंपनीचा साइज 195/55 आर16, बरेच जण 205/55 टाकतात, व्यास पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे स्पीडोमीटर 100 दाखवेल तेव्हा खरे 102 च्या जवळ असशील. 17 च्या भानगडीत पडू नको, गाडी मुळातच साध्या पुंटोपेक्षा 20 एमएम खाली बसलीय, त्यात पातळ साइडवॉल आणि आपले खड्डे, रिम वाकणारच.

ब्रेक फ्लुइड बदल. ते हवेतली ओल ओढतं, घाट उतरताना तापलं की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. चारही चाकांना डिस्क असून मग उपयोग काय.

कोन फिल्टर: आवाज छान येतो, पण बॉनेटखालची गरम हवा ओढतो. टर्बोला थंड हवा हवी असते. कंपनीच्या डब्यातच चांगला पॅनल फिल्टर टाक आणि गप्प बस.

बूस्ट_बंड्या:
काकांचं सगळं मान्य पण रिमॅपला इतकं घाबरवू नका हो लोकांना. ही गाडी रिमॅपनंतर जशी पळते तशी कंपनीनेच द्यायला हवी होती, असं माझं मत. फक्त आधी क्लच तपास: मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये दोन-अडीच हजारावरून फुल अॅक्सिलरेटर, आरपीएम वर पळाले आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय, मग वाढीव टॉर्क टाकून उपयोग नाही. आणि मॅप कुठल्या पेट्रोलसाठी लिहिलाय ते विचार, 95 ऑक्टेनसाठी जुळवलेला मॅप साध्या पेट्रोलवर चालवलास तर नॉक होऊन (पेट्रोल अवेळी पेटून) ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशन टायमिंग मागे घेतो, पैसे पाण्यात. स्टॉक गाडीत 100 ऑक्टेन ओतून मात्र काही होत नाही, उगाच खिसा रिकामा.

टर्बोकाका:
मी कुठं घाबरवलं, रिमॅप सगळ्यात शेवटी कर एवढंच म्हणणं. आणि हो, 2016 ची गाडी ई20 (20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) साठी बनलेली नाही, फ्युएल पाइप सुकलेत का ते एकदा बघूनच घे.

आरटीओ_अभ्यासक:
आवाजाचं कुणी बोलत नाहीये म्हणून सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आणि जानेवारी 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल: कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालत नाहीत. मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुण्यात बुलेटच्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवलेला पाहिला असशीलच. त्याहून मोठा मुद्दा इन्शुरन्स, बदल न कळवता क्लेम केला तर सर्व्हेअर आनंदाने नाकारतो. बाकी तुझं तू ठरव.

तिसरा_गिअर:
सगळे सामानावर बोलतायत, चालवायचं कोण सांगणार 😄

दादा, आधी रेव्ह मॅच शिका. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना क्लच दाबलेला असतानाच अॅक्सिलरेटरला हलका टोला, आरपीएम वर आले की क्लच सोडा, झटका बसला नाही म्हणजे जमलं. हील अँड टो (ब्रेक दाबतानाच त्याच पायाने अॅक्सिलरेटरला टोला) नंतर, आधी मोकळ्या मैदानात ब्रेक न लावता एवढंच. पाचव्यात दीड हजारावर असताना पाय दाबू नका, इंजिन कण्हतं, सरळ दोन गिअर खाली या. घाटात जोरात चालवून वर पोचलात की लगेच किल्ली फिरवू नका, मिनिटभर आयडलवर ठेवा, टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथेच करपतं नाहीतर. याचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, खालचा रस्ता हाताला कळतो, आजकालच्या गाड्यांमध्ये ती मजाच गेली. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

ताम्हिणीला जायचंच तर वर्किंग डेला पहाटे, पावसाळ्यातला रविवार नको, वळणावर उभं राहून भजी खाणारे लोक असतात. मला पसरणी घाट जास्त आवडतो, पण तिथेही एसटी समोरून येते हे धरूनच वळायचं. एक्स्प्रेसवेवर कॅमेरे आहेत. अगदी जोर काढायचा असेल तर कोइमतूरचा कारी रेस ट्रॅक आहे, 2.1 किलोमीटरचा, पुण्याहून लांब आहे पण समोरून एसटी येत नाही.

नवा_पुंटोवाला:
बापरे, एवढं लिहिलंत, थँक्यू सगळ्यांना. बेल्टचं बिल नाहीये, जुन्या मालकाला फोन केला तर म्हणाला "झाला असेल". 😐 टायर 2018 चे निघाले. मग बेल्ट, टायर, ब्रेक फ्लुइड एवढंच करतो, एक्झॉस्ट कॅन्सल. एकच विचारायचं होतं, सिग्नलला क्लच दाबून ठेवू की न्यूट्रल?

टर्बोकाका:
न्यूट्रल. आणि चालताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायचा नाही, बाजूला फूटरेस्टवर. बेल्ट होईपर्यंत चार हजार आरपीएमच्या वर नेऊ नकोस.