पाइप अरुंद करूनही बादली उशिरा का भरते?

लोकमान्यनगरकर, इंदूर:
आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि हौदात साठवावे लागते. पाण्याला जोर यावा म्हणून मी पाण्याच्या मीटरपासून हौदापर्यंतचा सुमारे १२ मीटरचा एक इंची पाइप काढून अर्धा इंची बसवला. सांतत्य समीकरणानुसार क्षेत्रफळ आणि वेग यांचा गुणाकार कायम राहतो; व्यास निम्मा केला की वेग चौपट व्हायला हवा. धार जोरदार झाली खरी, परंतु पूर्वी २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरत असे, तिला आता ७० सेकंद लागतात. समीकरण चुकले की मी?

निवृत्त शिक्षक:
समीकरण चुकलेले नाही. ते एकाच वेळी एकाच प्रवाहातील दोन छेदांची, म्हणजे पाइपाच्या दोन ठिकाणच्या आडव्या कापांची, तुलना करते. कालच्या पाइपाची आजच्या पाइपाशी नव्हे. आपलीच मोजमापे घेऊ. आतील व्यास २५ मिमी धरल्यास पूर्वीचा विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी, ०.५ लिटर आणि वेग सेकंदाला सुमारे १ मीटर होता. विसर्ग तेवढाच राहिला असता, तर साडेबारा मिमीच्या पाइपात वेग ४ मीटर झाला असता. प्रत्यक्षात विसर्ग ०.२९ लिटरवर उतरला, म्हणून अरुंद पाइपात वेग सुमारे २.३ मीटर आहे. मीटरजवळ उरलेल्या एक इंची तुकड्यात मात्र तो ०.५८ मीटर एवढाच आहे. त्याची चौपट करून पाहा.

नळकाम पाहणारा अभियंता:
विसर्ग घटला तो घर्षणामुळे. खळाळत्या प्रवाहात तेवढेच पाणी निम्म्या व्यासातून न्यायचे, तर दाबाचा ऱ्हास अंदाजे ३२ पट होतो, आणि मुख्य वाहिनीतील दाब काही आपल्यासाठी वाढत नाही. त्यामुळे प्रवाह कमी विसर्गावर स्थिरावतो. रबरी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की धार लांब जाते, पण तेथे अरुंद जागा बोटभरच असते; आपण ती १२ मीटर केली. पूर्ण लांबीत एक इंची पाइप घाला आणि बागेसाठी जोर हवा असेल, तर शेवटी नोझल लावा.

लोकमान्यनगरकर, इंदूर:
हिशोब पटला. वाटेत टी (तीन तोंडांचा जोड) बसवून स्वयंपाकघराला फाटा दिला, तर तो कसा मांडायचा?

निवृत्त शिक्षक:
टीमध्ये येणारा विसर्ग हा दोन्ही फाट्यांतील विसर्गांच्या बेरजेइतका असतो. वेगांची बेरीज करू नका. विद्यार्थी हमखास तेथेच चुकतात.