मात्सुकोच्या सिनेमाला मराठी सबटायटल्स: ओळी मागे पडतात, नाव सुचत नाही

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी. बडोद्यात आमच्या मंडळाच्या सभागृहात 'मेमरीज ऑफ मात्सुको' (२००६, दिग्दर्शक तेत्सुया नाकाशिमा) दाखवायचा आहे. वितरकाची परवानगी मिळाली आहे. इंग्रजी फाइलवरून मराठी सबटायटल्स करतो आहोत. प्रेक्षक निम्मे साठीच्या पुढचे, निम्मे फाइन आर्ट्सची मुलं. सुरुवातीला ओळी बरोबर येतात, पण अर्ध्या तासात मिनिटभराहून जास्त मागे पडतात. शिवाय वाचून होत नाहीत. आणि मूळ जपानी नावाला मराठीत काय म्हणावं?

पट्टीवाला
आधी मागे पडण्याचं बघू. फरक वाढत जातोय म्हणजे फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा, घोळ आहे. फाइल २३.९७६ची आणि तुमचा व्हिडिओ २५चा, त्यामुळे तासाला जवळजवळ अडीच मिनिटं सरकतात. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये सिंक्रोनायझेशनच्या मेनूत 'चेंज फ्रेम रेट' आहे, तिथे २३.९७६ वरून २५ करा. मग पहिला आणि शेवटचा संवाद तपासा. दोन्हीकडे सारखाच फरक उरला तर सगळ्या वेळा एकदम सरकवा. एकेक ओळ हाताने ओढत बसू नका, १३० मिनिटांचा सिनेमा आहे.

वाचून न होण्याचं कारण बहुधा शब्दशः भाषांतर. ज्येष्ठांसाठी सेकंदाला १२-१३ अक्षरं पुरे, ओळीत ३५ च्या आत, ओळी दोनच. मात्सुको मोठ्यांदा रडते-ओरडते तिथे अर्धी वाक्यं गाळली तरी चालतं, चेहरा सगळं सांगतो. ती ओठ पुढे काढून तो विचित्र चेहरा करते ना, वडिलांना हसवायला लहानपणी शिकलेला, तिथे पडद्यावर अक्षर नकोच.

अक्षरं पांढरी, काळ्या कडेची. पिवळी नकोत, या सिनेमात फुलं आणि सोनेरी उजेड इतका आहे की ती विरघळून जातील. प्रोजेक्टरचा पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वर असेल तर 'सिनेमा'वर आणा, रंग मुळातच भडक आहेत. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८च निवडा, नाहीतर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं दिसतील.

आत्याबाई
नावाबद्दल. मूळ 'किरावारे मात्सुको नो इश्शो', म्हणजे लोकांना नकोशा झालेल्या मात्सुकोचं आयुष्य. 'आठवणी' कशाला? 'नावडत्या मात्सुकोचा जन्म' म्हणा. नावडतीचं मीठ अळणी, हे ज्याला माहीत आहे त्याला तिची अर्धी गोष्ट नावातच कळते.

आता नात्यांचं. शो हा मात्सुकोच्या धाकट्या भावाचा मुलगा, म्हणून ती त्याची आत्या. इंग्रजीतलं 'आंट' बघून 'काकू' किंवा 'मावशी' लिहू नका, ते चूकच. बडोद्यातली घरात फोई म्हणणारी मुलंसुद्धा आत्या समजतात.

मात्सुको १९७१ साली शाळेत शिक्षिका आहे. ज्याच्यावरून चोरीचं प्रकरण होतं त्या र्यू नावाच्या विद्यार्थ्याच्या तोंडी 'सेन्सेई'साठी (शिक्षकांना हाक मारायचा शब्द) 'बाई' ठेवा. तो पुढे गुंड होऊन तिच्या आयुष्यात परत येतो तेव्हाही 'बाई'च. तिथे 'मॅडम' केलंत की दोन्ही प्रसंगांतला धागा तुटला.

सर्वांत अवघड ओळ 'जन्माला आल्याबद्दल माफी' या अर्थाची. ती आधी एका पुरुषाच्या चिठ्ठीत येते, नंतर मात्सुकोच्या भिंतीवर. जपानीत क्रियापदाला लिंग नाही, मराठीत 'आलो' आणि 'आले' वेगळे होतात आणि तीच ओळ आहे हे कळत नाही. म्हणून दोन्हीकडे 'जन्माला येणं चुकलं' लिहा. थोडं कोरडं वाटेल, पण ओळ एकच राहते.

दांडियाबाजारकर
आभार. मध्यंतर कुठे घ्यावं? आणि घरी आल्यावर म्हणतात ते 'तादाइमा' मराठीत कसं करावं?

पट्टीवाला
टोकियोतल्या न्हाव्याच्या दुकानातून तिला अटक होते तिथे. पुढे तुरुंगाचं गाणं येतं, ते मध्येच कापू नका. गाण्यांना यमक जुळवत बसू नका, अर्थ द्या. वाकण्या-ताणण्याचं ते बालगीत मात्र पुन्हापुन्हा येतं, त्याचे शब्द प्रत्येक वेळी तेच ठेवा.

आत्याबाई
'तादाइमा' आणि त्यावर आतून येणारं उत्तर 'ओकाएरी', यांना 'घरी स्वागत' वगैरे नको. आपल्याकडे दारातून आत येणारा म्हणतो 'आले गं' आणि आतून येतं 'आलीस?' सिनेमात दोन्ही शब्द जिथे जिथे ऐकू येतील तिथे तेच घाला. शेवटी जिन्यावर बहीण कुमी म्हणेल 'आलीस?', मात्सुको म्हणेल 'आले.' एवढंच. दोघींच्या ओळी एकाच पट्टीत एकत्र नकोत, आणि आवाजाच्या आधी तर मुळीच नकोत. वाचणारा 'आले' आधीच वाचून बसला तर तिचं उत्तर ऐकायचं काही उरत नाही.